विश्लेषण : कर्णबधिर मुले सांगत राहिली, ऐकू येणारे गप्प का राहिले?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात १९७४ मध्ये मुख्य कॅथेड्रलबाहेर काही कर्णबधिर तरुणांनी पत्रके वाटली. फरारी गुन्हेगारांसाठी पोलीस काढतात तशी ही 'वॉन्टेड' पत्रके होती. त्यांवर फोटो होता फादर लॉरेन्स मर्फी याचा. हे तरुण ज्या निवासी शाळेत शिकले, त्याच शाळेचा तो संचालक होता. लहानपणी त्याने आपले लैंगिक शोषण केले, असे हे तरुण सांगत होते. बोलता येत नव्हते म्हणून कागदावर छापून सांगत होते. मर्फी त्यानंतर २४ वर्षे जगला. त्याच्यावर फौजदारी खटला चालला नाही, धर्मगुरूपदही गेले नाही. या प्रकरणावरील 'मेआ मॅक्सिमा कल्पा : सायलेन्स इन द हाऊस ऑफ गॉड' हा २०१२ चा माहितीपट संस्था गुन्हा कसा लपवतात याची पायरी-पायरीने नोंद करतो. त्यातील प्रश्न भारतातील प्रत्येक निवासी शाळेलाही लागू पडतात.

माहितीपट नेमका कशावर आहे?

'टॅक्सी टू द डार्क साइड'साठी ऑस्कर मिळवणारे अॅलेक्स गिबनी हे या माहितीपटाचे दिग्दर्शक. सप्टेंबर २०१२ मध्ये टोरांटो चित्रपट महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये एचबीओ वाहिनीवर प्रसारित झाला. पुढे त्याला एमी पुरस्कारही मिळाले. नावातील लॅटिन शब्द कॅथलिक प्रार्थनेतील आहेत. 'माझाच मोठा अपराध' असा त्यांचा अर्थ. अपराध कबूल करण्याची ही प्रार्थना ज्या संस्थेत रोज म्हटली जाते, त्या संस्थेने स्वतःचा अपराध कबूल करायला किती वर्षे लावली, हा माहितीपटाचा विषय आहे.

यात सेंट जॉन्स शाळेचे चार माजी विद्यार्थी प्रेक्षकांसमोर येतात. ते अमेरिकी सांकेतिक भाषेत बोलतात आणि अभिनेत्यांनी त्यांच्या बोलण्याला आवाज दिला आहे. मात्र कॅमेरा आवाज देणाऱ्यांकडे वळत नाही. तो या चौघांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर राहतो. त्यांचा राग, अडखळणे, मध्येच थांबणे हे सगळे दिसते. 'मूक' हा शब्द किती चुकीचा आहे, हे पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रकरण काय होते?

मिलवॉकीजवळच्या सेंट फ्रान्सिस या गावात सेंट जॉन्स ही कर्णबधिर मुलांची कॅथलिक निवासी शाळा होती. मर्फी १९५० मध्ये तेथे रुजू झाला, १९६३ मध्ये संचालक झाला आणि १९७४ पर्यंत तेथेच होता. तो स्वतः ऐकू शकत होता, पण सांकेतिक भाषा उत्तम जाणत होता. शाळेसाठी देणग्या जमवण्यात तो पटाईत होता आणि पालकांमध्ये त्याच्याविषयी मोठा आदर होता.

त्याने किती मुलांचे शोषण केले असावे? १९९३ मध्ये खुद्द मिलवॉकीच्या महाधर्मप्रांताने नेमलेल्या समाजसेविकेने त्याच्याशी अनेक बैठकांत चर्चा केली. त्याने कृत्ये कबूल केली. पीडित मुलांची संख्या २०० च्या घरात असावी आणि त्याला पश्चात्ताप झालेला दिसत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. ही कबुली म्हणजे विरोधकांनी केलेला आरोप नव्हता. ती संस्थेच्याच फाइलमध्ये होती, तरीही ती पोलिसांकडे गेली नाही.

कर्णबधिर मुलेच लक्ष्य का ठरली?

लहानपणीच घर सोडून आलेली ही मुले वसतिगृहात राहत होती. रात्री खोलीत कोण आले, हे त्यांना पावलांच्या आवाजावरून कळत नव्हते. शेजारच्या खाटेवर काय चालले आहे, तेही ऐकू येत नव्हते.

पण ऐकू न येण्यापेक्षाही घरी बोलता न येणे हा मोठा अडथळा होता. अनेक पालकांना सांकेतिक भाषा येत नव्हती. जेवणे, झोपणे, शाळा एवढ्यापुरते हातवारे घरात चालत. 'माझ्याशी काय झाले' हे सांगण्याएवढी भाषा आई-वडील आणि मुलामध्ये नव्हती. मुलाची भाषा पूर्णपणे समजणारा मोठा माणूस अनेकदा एकच असे, तो म्हणजे मर्फी. मूल आणि जग यांच्यातील दुभाषकच गुन्हेगार होता. ज्यांच्या पालकांना सांकेतिक भाषा येत नाही अशीच मुले तो हेरत असे, असे माजी विद्यार्थी सांगतात.

यात धर्माचे वजन मिसळले होते. कॅथलिक पंथात कन्फेशन म्हणजे पापांची कबुली देण्याचा संस्कार असतो. तेथे सांगितलेली गोष्ट धर्मगुरू कोणालाही सांगत नाही. मर्फीने या जागेचाही शोषणासाठी वापर केल्याचे आरोप झाले. ज्याच्यापुढे पाप कबूल करायचे त्याच्याचविरुद्ध बोलायचे कसे, या पेचात दहा-बारा वर्षांची मुले सापडली होती.

हा धोका एका शाळेपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास-आढावा जुलै २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपंगत्व असलेल्या मुलांवर कोणत्या ना कोणत्या प्रकारची हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट, तर लैंगिक हिंसेची शक्यता २.९ पट असल्याचे त्यात आढळले.

तक्रार कोणाकोणाकडे गेली?

'तेव्हा कोणी काही सांगितलेच नाही' हे समर्थन अशा प्रकरणांत हमखास पुढे येते. या प्रकरणात ते टिकत नाही. घटनाक्रम असा :

• १९५० च्या दशकाची अखेर : शाळेतील मुलांनी शिकागोहून येणाऱ्या एका धर्मगुरूला मर्फीविषयी सांगितले. त्याने ही गोष्ट तत्कालीन आर्चबिशपच्या कानावर घातली. मर्फीला काही दिवस आत्मचिंतनासाठी पाठवून पुन्हा शाळेत आणण्यात आले.

• १९७४ : माजी विद्यार्थ्यांनी पत्रके वाटली, पोलिसांकडे आणि सरकारी वकिलांकडे दाद मागितली. खटला उभा राहिला नाही. आर्चबिशप विल्यम कझिन्स यांनी मर्फीला शाळेतून हलवले. तो उत्तर विस्कॉन्सिनमध्ये, सुपीरियर धर्मप्रांतातील आपल्या कौटुंबिक घरी राहायला गेला. तेथील चर्च आणि शाळांमध्ये त्याचा मुलांशी संबंध येतच राहिला.

• १९९३ : समाजसेविकेसमोर मर्फीची कबुली.

• १९९६ : आर्चबिशप रेम्बर्ट वीकलँड यांचे व्हॅटिकनला पत्र.

शाळेतील मुलांपासून व्हॅटिकनपर्यंत ही माहिती पोहोचायला सुमारे चार दशके लागली. दरम्यान तीन आर्चबिशप होऊन गेले. त्यांच्यापैकी कोणीही स्वतःहून पोलिसांना कळवले नाही. माजी विद्यार्थी मात्र थांबले नव्हते. त्यांनी पत्रे लिहिली, वकील गाठले. १९९० च्या दशकात काही जण थेट मर्फीच्या घरी जाऊन धडकले आणि त्याला जाब विचारतानाचे चित्रीकरणही त्यांनी केले. ते चित्रीकरण माहितीपटात आहे.

बोस्टनमधील धर्मगुरूंच्या शोषणाचे प्रकरण 'बोस्टन ग्लोब'ने २००२ मध्ये उघड केले. त्यावरील 'स्पॉटलाइट' हा ऑस्करविजेता चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मिलवॉकीतील तरुणांची पत्रके त्याच्या २८ वर्षे आधीची होती.

व्हॅटिकनमध्ये काय झाले?

वीकलँड यांनी जुलै १९९६ मध्ये पत्र पाठवले ते धर्मसिद्धान्तविषयक विभागाला. या विभागाचे प्रमुख तेव्हा कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर होते. तेच २००५ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. कन्फेशनचा गैरवापर हा चर्चच्या कायद्यात अत्यंत गंभीर गुन्हा मानला जातो. त्यामुळेच प्रकरण जुने असूनही या विभागाकडे गेले.

काही महिने उत्तर आले नाही. मार्च १९९७ मध्ये विभागाचे सचिव तार्चिझियो बेर्तोने यांनी गोपनीय धर्मखटला चालवण्यास सांगितले. तयारी सुरू झाली. जानेवारी १९९८ मध्ये मर्फीने थेट रॅट्झिंगर यांना पत्र लिहिले. आपली प्रकृती बिघडली आहे, आपण पश्चात्ताप केला आहे आणि उरलेले आयुष्य धर्मगुरूपदाच्या प्रतिष्ठेने जगू द्यावे, अशी विनंती त्यात होती. त्यानंतर व्हॅटिकनचा सूर बदलला. मे १९९८ मध्ये रोममध्ये बैठक झाली आणि खटल्याऐवजी मर्फीवर बंधने घालण्याच्या पर्यायावर भर देण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मरण पावला. अंत्यसंस्कार साधेपणाने आणि खासगीत करावेत, ही आर्चबिशपांची सूचनाही पाळली गेली नाही. धर्मगुरूच्या वस्त्रांतच त्याचे दफन झाले.

हा पत्रव्यवहार जगासमोर आला तो मार्च २०१० मध्ये. पीडितांच्या वकिलांनी न्यायालयीन लढाईत मिळवलेल्या कागदपत्रांच्या आधारे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली. या कागदांत मर्फीच्या वयाची आणि प्रकृतीची काळजी आहे, चर्चच्या बदनामीची चिंता आहे. २०० मुलांचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र शोधावी लागते.

चर्चचे म्हणणे काय?

ही बातमी आल्यावर व्हॅटिकनचे तत्कालीन प्रवक्ते फादर फेदेरिको लोम्बार्दी यांनी बाजू मांडली. मर्फीचे वर्तन कायद्याचा आणि विश्वासाचा भंग करणारे होते, हे त्यांनी मान्य केले. मात्र रोमला हे प्रकरण दोन दशकांनंतर कळले, १९७० च्या दशकात सरकारी यंत्रणांनीही तपास करून ते सोडून दिले होते, आरोपी वृद्ध, आजारी होता आणि त्या काळात नवी तक्रार नव्हती, असे त्यांनी सांगितले. रॅट्झिंगर यांच्या बचावासाठी आणखी एक मुद्दा मांडला जातो. २००१ पासून जगभरातील अशी सर्व प्रकरणे त्यांच्या विभागाकडे पाठवणे बंधनकारक झाले आणि त्यानंतर कारवाईचा वेग वाढला.

यातील काही मुद्दे दखल घेण्याजोगे आहेत. पोलीस आणि सरकारी वकील यांनी १९७४ मध्ये काम केले असते तर प्रकरण तेथेच संपले असते. त्यामुळे दोष केवळ चर्चचा नाही. परंतु १९९३ च्या लेखी कबुलीनंतर 'माहीत नव्हते' असे म्हणण्यास जागा उरत नाही. आणि 'आरोपी म्हातारा झाला' हे कारण तक्रार ऐकण्यास लावलेल्या उशिरातूनच तयार झाले. वीस-पंचवीस वर्षे तक्रार दाबायची आणि मग 'आता फार उशीर झाला' असे म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही.

लपवाछपवी चालते कशी?

माहितीपटाचे महत्त्व येथे आहे. कोणी एक खलनायक बसून कट रचतो असे चित्र त्यात नाही. छोट्या, 'व्यवहार्य' वाटणाऱ्या निर्णयांची साखळी दिसते.

पहिली कडी बदली. तक्रार आली की माणूस हलवायचा. नव्या ठिकाणच्या पालकांना त्याचा इतिहास माहीत नसतो. जुन्या ठिकाणी प्रकरण मिटले असे वाटते. 'प्रकृतीच्या कारणास्तव रजा' हे शब्द त्यासाठी सोयीचे ठरतात.

दुसरी कडी गोपनीयता. १९६२ च्या एका व्हॅटिकन सूचनापत्रानुसार कन्फेशनशी संबंधित अशा प्रकरणांत सहभागी होणाऱ्यांना गुप्ततेची शपथ होती. तक्रार करणाराही त्यातून सुटत नव्हता. पीडिताची ओळख झाकण्यासाठी गुप्तता आवश्यक असते. पण तीच गुप्तता पोलिसांपासून माहिती दूर ठेवण्यासाठी वापरली गेली, की ती आरोपीची ढाल होते.

तिसरी कडी भाषा. गुन्ह्याला 'पाप', 'दुर्बलता' किंवा 'आजार' म्हटले की उपायही बदलतो. पापाला प्रायश्चित्त, आजाराला उपचार. तुरुंग हा शब्दच चर्चेत येत नाही.

चौथी कडी प्रतिमा. संस्था चांगले काम करते, शेकडो मुले शिकतात, देणगीदार दुरावतील, श्रद्धाळूंचा विश्वास उडेल. अशा युक्तिवादाने माणसे स्वतःचीच समजूत घालतात. आपण संस्था वाचवत आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात गुन्हेगार वाचतो आणि पुढचे मूल त्याच्या हाती लागते.

हे एकाच शाळेपुरते होते का?

नाही. इटलीतील व्हेरोना येथील प्रोव्होलो ही कर्णबधिर मुलांची जुनी संस्था. २००९ मध्ये तिच्या ६७ माजी विद्यार्थ्यांनी शोषणाचे आरोप केले. माहितीपटात या प्रकरणाचाही समावेश आहे.

त्याचा पुढचा भाग माहितीपटानंतर घडला. याच संस्थेतून अर्जेंटिनाला गेलेला धर्मगुरू निकोला कोर्रादी मेंडोसा प्रांतातील प्रोव्होलो शाळेत काम करत होता. इटलीतील पीडितांनी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांना पाठवलेल्या पत्रात त्याचे नाव होते. तरीही अटक झाली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, अर्जेंटिनाच्या पोलिसांकडून. त्या शाळेत मुलांना सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई होती, असे समोर आले. म्हणजे तक्रार करण्याचे साधनच त्यांच्याकडून काढून घेतले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने कोर्रादीला ४२ वर्षे, धर्मगुरू ओरासिओ कोर्बाचोला ४५ वर्षे आणि शाळेच्या माळ्याला १८ वर्षे कारावास सुनावला.

धर्मसंस्था नसली तरी हेच घडते, याचे उदाहरण दक्षिण कोरियात आहे. ग्वांगजू शहरातील इन्हवा या कर्णबधिर मुलांच्या शाळेतील शोषणावर २०११ मध्ये 'सायलेन्स्ड' हा चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक, म्हणजेच पुढे 'स्क्विड गेम' ही मालिका करणारे. चित्रपटानंतर इतका जनक्षोभ उसळला की काही आठवड्यांत संसदेने कायदा बदलला. अपंग व्यक्ती आणि १३ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी तक्रारीची कालमर्यादा हटवण्यात आली. ती शाळाही बंद झाली. त्यामुळे प्रश्न एका धर्माचा नाही. बंद आवार, परावलंबी मुले आणि चौकशीपलीकडचा अधिकार एकत्र आले की धोका तयार होतो.

माहितीपटानंतर चर्चमध्ये काय बदलले?

एचबीओवर माहितीपट आल्यानंतर आठवडाभरात पोप बेनेडिक्ट यांनी पदत्यागाची घोषणा केली. कारण म्हणून त्यांनी वाढते वय सांगितले. दोन घटनांचा संबंध जोडण्यास आधार नाही. प्रत्यक्ष बदल हळूहळू झाले. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू आणि धर्मभगिनींना शोषणाची माहिती चर्चमधील वरिष्ठांना कळवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील 'पोंटिफिकल सीक्रेट' म्हणजे सर्वोच्च दर्जाची गोपनीयता रद्द केली. त्यामुळे तपास यंत्रणांना कागदपत्रे देण्यातील मोठा अडसर दूर झाला.

मिलवॉकीच्या महाधर्मप्रांताने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. २०१५ मध्ये ३३० पीडितांना एकूण २.१ कोटी डॉलर देण्याची तडजोड झाली. सेंट जॉन्सच्या एका माजी विद्यार्थ्याने २०१० मध्ये थेट व्हॅटिकनविरुद्ध दावा केला होता, तो २०१२ मध्ये मागे घेण्यात आला. मर्फी मात्र कोणत्याही न्यायालयासमोर कधीच उभा राहिला नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

योगायोगाने २०१२ याच वर्षी भारतात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पोक्सो' कायदा झाला. १४ नोव्हेंबर २०१२ पासून तो लागू आहे. मिलवॉकीत जे घडले ते रोखणाऱ्या अनेक तरतुदी त्यात आहेत.

• कलम १९ : बालकावर लैंगिक अपराध झाल्याची माहिती किंवा तशी शंका असेल त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक. सद्हेतूने दिलेल्या माहितीसाठी कारवाई होत नाही.

• कलम २१ : न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

• कलम ५ : शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतील व्यक्तीने केलेला किंवा बालकाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार हा गंभीर स्वरूपाचा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षे.

• कलम २६ आणि ३८ : अपंगत्व असलेल्या बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षक किंवा त्याची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते.

थोडक्यात, भारतात आज एखाद्या संस्थाचालकाने 'आतल्या आत मिटवू' असे म्हणणे हाच गुन्हा आहे. महाराष्ट्रातील प्रकरणांतून हे पुन्हा पुन्हा अधोरेखित झाले आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीवरील अत्याचाराच्या एका प्रकरणात, शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शाळा, वसतिगृहे आणि विशेष मुलांच्या संस्थांच्या प्रमुखांनी अशी माहिती तातडीने पोलिसांना द्यावी, असे बजावले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात माहिती न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणातही माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.

कायदा आहे, मग अडते कुठे?

भाषेपाशी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ५० लाखांहून अधिक लोकांना ऐकण्याशी संबंधित अपंगत्व आहे. पण भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले ते २०१५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयात एका कर्णबधिर वकिलाला सांकेतिक भाषेच्या दुभाषकामार्फत युक्तिवाद करता आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि त्याची बातमी झाली. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात एखादे कर्णबधिर मूल आले तर तेथे दुभाषक कोण असेल, याचा विचार केलेला बरा. बहुतेक वेळा उत्तर येते, 'शाळेतले सर.' आरोपी त्याच शाळेतला असेल तर? मर्फीच्या प्रकरणातील पेच येथे जसाच्या तसा उभा राहतो.

१०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी महत्त्वाची आहे. पण ती मुळात फोनवर बोलून तक्रार करण्यासाठी आहे. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यासाठी लेखी, चित्रांचा आणि व्हिडीओचा मार्ग हवा. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची 'पोक्सो ई-बॉक्स' ही ऑनलाइन तक्रारपेटी २०१६ पासून आहे. ती माहीत असलेली मुले, पालक आणि शिक्षक किती, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारायला हवा.

पालक आणि शाळांनी काय करावे?

पहिली गोष्ट, कर्णबधिर मुलाच्या घरात सांकेतिक भाषा आली पाहिजे. मुलाला शाळेत भाषा मिळते, पण घरी ती कोणाला येत नसेल तर मूल घरातही एकटेच राहते. आई-वडिलांनी, निदान दोघांपैकी एकाने आणि भावंडांनी ती शिकणे, हा मुलाच्या सुरक्षेचाच भाग आहे. शरीराचे अवयव, 'नको', 'दुखते', 'मला हात लावला' या खुणा मुलाला लहानपणीच यायला हव्यात. ज्या गोष्टीसाठी शब्दच नाही, ती सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, निवासी शाळेत प्रवेश घेताना केवळ इमारत आणि निकाल पाहू नयेत. रात्री वसतिगृहात कोण असते, तक्रार करायची झाली तर मूल कोणाकडे जाईल, बाहेरचा स्वतंत्र दुभाषक शाळेत कधी येतो का, माजी विद्यार्थी शाळेविषयी काय सांगतात, हे प्रश्न विचारावेत. ते विचारल्यावर राग येणारी संस्था असेल, तर तेच उत्तर समजावे.

तिसरी गोष्ट सरकारने करायची आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस आणि पोक्सो न्यायालयांसाठी शाळांशी संबंध नसलेल्या प्रशिक्षित दुभाषकांची यादी हवी. विशेष शाळांच्या तपासणीत पटसंख्या आणि अनुदानाचे कागद पाहिले जातात. त्याच वेळी मुलांशी त्यांच्या भाषेत, शाळेच्या कर्मचाऱ्यांना बाहेर ठेवून बोलणे सक्तीचे करायला हवे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आहे त्या कायद्याची नीट अंमलबजावणी पुरेशी आहे.

संस्थेची अब्रू मुलाच्या तक्रारीने जात नाही. तक्रार दडवल्याने जाते, आणि उशिरा का होईना, जाते. मिलवॉकीतील पीडितांनी सांगायला उशीर केला नव्हता. त्यांच्यातील काही जण शाळेत असतानाच सांगत होते. कर्णबधिर मुलांना बोलके करण्यावर आपल्याकडे बराच खर्च होतो. त्यांचे म्हणणे समजून घेणारी आणि समजल्यावर थेट पोलीस ठाण्याची वाट धरणारी मोठी माणसे तयार करण्यावरही तितकाच भर द्यायला हवा.